जुन्या मोटारींची मदतफेरी: आखणी, घाट आणि हिशेब

जुन्या मोटारींच्या क्लबाने एखाद्या संस्थेसाठी ग्रामीण भागातून मदतफेरी काढायचे ठरवले, की पहिल्या बैठकीतील चर्चा बहुधा मार्गापासून सुरू होते. पुण्याहून निघणाऱ्या अशा फेऱ्यांच्या आखणीत काही वर्षे भाग घेतल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की ती चर्चा संस्थेपासून सुरू व्हावी आणि मार्ग, वेळ, मुक्काम या साऱ्या गोष्टी ताफ्यातील सर्वांत मंद गाडीकडे पाहून ठरवाव्यात. या दोन गोष्टी जुळल्या तर बाकीची कामे कष्टाची असली तरी अवघड नसतात; त्या चुकल्या तर सभासदांची सहल उत्तम होते, पण ज्यांच्यासाठी ती काढली त्यांच्या हाती फारसे काही पडत नाही.

आधी संस्था, मग मार्ग

संस्था निवडताना तिचे काम पाहावे, नोंदणी पाहावी आणि फेरीच्या किमान तीन महिने आधी तिथे प्रत्यक्ष जाऊन यावे. या भेटीत आपण काय देणार आहोत हे सांगण्याची घाई करू नये. एका वर्षी आम्ही कर्णबधिर मुलांच्या एका निवासी शाळेसाठी फेरी काढणार होतो आणि मनाशी संगणक द्यायचे ठरवून गेलो होतो. मुख्याध्यापिकाबाईंनी आमचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले, टेबलाचा खण उघडला आणि त्यातून प्लास्टिकचे चार-पाच छोटे कानसाचे, म्हणजे श्रवणयंत्र कानात बसवायचे साचे, काढून समोर ठेवले. श्रवणयंत्रे मुलांकडे आहेत, त्या म्हणाल्या, परंतु मूल वाढते तसा त्याचा कानही वाढतो, जुना साचा सैल होतो, यंत्र शिट्टी वाजवू लागते आणि मूल ते काढून दप्तरात टाकते. शिवाय यंत्राचे सेल आठवड्या-दोन आठवड्यांत संपतात. यंत्र एकदा कोणीतरी देतो, पण साचे आणि सेल वर्षभर कोण देणार, हा त्यांचा प्रश्न होता. ती भेट झाली नसती तर आम्ही संगणक देऊन, छायाचित्रे काढून परत आलो असतो.

म्हणून संस्थेकडून गरजांची लेखी यादी घ्यावी, प्रत्येक गोष्टीची अंदाजे किंमत तिच्याकडूनच मागावी आणि फेरीचे उद्दिष्ट त्या यादीतील एक-दोन बाबींपुरते मर्यादित ठेवावे. ‘शाळेला मदत’ असे मोघम आवाहन करण्यापेक्षा ‘साठ मुलांचे कानसाचे आणि एका वर्षाचे सेल’ असे म्हटले, की देणाऱ्याला आपल्या पैशाचे काय होणार ते दिसते आणि संस्थेलाही पुढे हिशेब देणे सोपे जाते.

पैशाची वाट

देणगी आणि फेरीचा खर्च हे दोन ओघ पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत. समजा अठरा गाड्या आहेत आणि प्रत्येकीचे प्रवेशशुल्क ₹४,००० आहे, तर जमणाऱ्या ₹७२,००० मध्ये न्याहारी, जेवण, मार्गपुस्तिकेची छपाई, बंद पडलेली गाडी ओढून नेणारी सोबतची टो गाडी आणि रुग्णवाहिकेची व्यवस्था बसवावी. मुक्काम आणि पेट्रोल ज्याचे त्याने पाहावे. देणगीतला एक रुपयाही या खर्चाकडे वळवू नये. प्रवेशशुल्क पुरेनासे झाले तर जेवण साधे करावे. पिठले-भाकरीवर कोणाची तक्रार आल्याचे मला आठवत नाही.

क्लबाची स्वतःची नोंदणी नसेल, किंवा असूनही करसवलतीची मान्यता नसेल, तर देणग्या क्लबाच्या खात्यात घेऊच नयेत. त्या थेट संस्थेच्या खात्यात जाव्यात. आवाहनपत्रकावरचा क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा असावा, खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा नव्हे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते आणि धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करण्याला १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याचे नियम लागू होतात, त्यामुळे पावतीपुस्तक छापण्याआधी संस्थेच्या हिशेबनिसाशी बोलून घ्यावे. प्राप्तिकरातील ‘८०जी’ या नावाने ओळखली जाणारी सवलत हवी असणाऱ्या देणगीदाराने रोख ₹२,००० पेक्षा अधिक देऊ नये, कारण त्यावरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही; त्याचा पॅन क्रमांक पावतीच्या वेळीच लिहून घ्यावा.

परदेशात राहणारे मराठी मित्र आणि नातेवाईक अशा फेरीला आपुलकीने हातभार लावतात, मात्र इथे एक भेद नीट समजून घ्यावा लागतो. भारतीय पारपत्र असलेली व्यक्ती परदेशातून आपल्या बचतीतील पैसे बँकेमार्फत पाठवत असेल तर ते विदेशी योगदान मानले जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी मात्र, तिच्याकडे ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारे) कार्ड असले तरी, विदेशी योगदानच ठरते आणि २०१० च्या विदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी झालेल्या किंवा पूर्वपरवानगी मिळालेल्या संस्थेलाच ती घेता येते. हा प्रश्न फेरीच्या दिवशी नव्हे, आवाहन पाठवण्यापूर्वी विचारावा.

देणग्या मिळवण्याचे मार्ग अनेक असले तरी मला सर्वांत स्वच्छ वाटतो तो ब्रिटनमधला. १९०० सालच्या एप्रिल-मे महिन्यांत तिथे हजार मैलांची मोटारचाचणी झाली होती. तिच्या स्मरणार्थ दर एप्रिलमध्ये जुन्या गाड्या एका दिवसासाठी रस्त्यावर आणल्या जातात, आणि २०२१ पासून त्या दिवसाच्या पाट्या विकून येणारा पैसा मुलांसाठी चालणाऱ्या ‘चाइल्डलाइन’ या दूरध्वनी सेवेला दिला जातो. गाडीच्या बंपरवर लागणारी ही पाटी म्हणजे पावतीही असते आणि आठवणही. आपल्याकडे पत्र्यावर रंगवून घेतलेली, क्रमांक घातलेली अशी पाटी सहज करता येते, आणि जे फेरीत येऊ शकत नाहीत तेही ती विकत घेतात. सोडत किंवा लकी ड्रॉ यांच्या वाटेला मात्र परवानगी आणि कायदेशीर सल्ला घेतल्याखेरीज जाऊ नये.

आणखी एक मोह टाळावा. ‘देणगी द्या आणि जुन्या गाडीतून चक्कर मारा’ ही कल्पना आकर्षक वाटते, परंतु खासगी नोंदणीच्या गाडीतून पैसे घेऊन माणसे नेणे म्हणजे भाड्याची वाहतूक ठरू शकते. खासगी मोटारीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत भाड्याचा वापर, शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणजे अपघात झाला तर मालक उघडा पडतो. गाडीत बसणाऱ्या मुलांकडून किंवा पालकांकडून कोणत्याही स्वरूपात मोबदला घेऊ नये.

पुणे ते फलटण: एका मार्गाचे उदाहरण

मार्ग निवडताना पाहायच्या बहुतेक सर्व गोष्टी हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, तरडगाव आणि फलटण या वाटेवर एकत्र भेटतात. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, घाट एकच आणि तो सुरुवातीला आहे, पुढचा रस्ता बराचसा मोकळ्या शेतांमधून जातो आणि दर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबायला मोठे गाव मिळते. ही ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीची वाट असल्यामुळे आषाढ वारीच्या दिवसांत तिथे फेरी नेण्याचा विचारही करू नये. पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची कामे कुठे चालू आहेत हे मात्र फेरीच्या आठ दिवस आधी पुन्हा एकदा गाडी नेऊन पाहावे, कारण एका वळणरस्त्यावरची मोकळी खडी जुन्या गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे आणि सायलेन्सरचे नुकसान करायला पुरेशी असते.

डिसेंबर ते मध्य फेब्रुवारी हा काळ हवेच्या दृष्टीने उत्तम, पण त्याच काळात मार्गशीर्ष, पौष आणि माघ महिन्यांतील खंडोबाच्या यात्रा येतात, सोमवती अमावास्या आली तर जेजुरीत पाय ठेवायला जागा नसते, आणि एरवीही रविवार हा देवाचा वार असल्यामुळे गर्दी ठरलेलीच. म्हणून जाणे शनिवारी आणि येणे रविवारी असेल तर परतताना जेजुरी सकाळी नऊच्या आत ओलांडावी. याच दिवसांत साखर कारखान्यांचा गाळप हंगाम चालू असतो. नीरेच्या पुढे उसाने लादलेले, दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रस्ताभर असतात, त्यांच्या मागच्या दिव्यांचा भरवसा नसतो आणि सांडलेल्या उसावरून अरुंद टायर सहज घसरतो. पंचांग, आठवडे बाजारांचे वार आणि गाळपाचे वेळापत्रक हे तिन्ही समोर ठेवूनच तारीख नक्की करावी.

वेळेचा हिशेब ताशी तीस किलोमीटरने धरावा. चालती गाडी पन्नास-साठने जाते हे खरे, पण पंक्चर, पाणी भरणे, माणसांनी अडवून केलेली विचारपूस आणि रेल्वे फाटक हे सगळे त्यातच मोजावे लागते. जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे हडपसरहून सातला निघावे, पावणेआठपर्यंत घाट चढून जावा, सासवडला पाऊण तास न्याहारी करावी, दहाच्या सुमारास जेजुरी मागे टाकावी आणि साडेबारापर्यंत फलटण गाठावे. संस्थेतला कार्यक्रम दुपारी चारला ठेवला म्हणजे गाड्या निवतात, माणसे जेवतात आणि रस्त्यात मागे पडलेली गाडीही कार्यक्रमाला पोहोचते. अंधार पडल्यावर ताफा चालवू नये; सहा व्होल्टच्या बॅटरीवर आणि डायनॅमोवर चालणारे दिवे आजच्या महामार्गावर गाडी दाखवायलाही अपुरे पडतात.

परवानग्या आणि कागदपत्रे

अर्जात ‘शर्यत’ हा शब्द नसावा आणि फेरीतही शर्यत नसावी, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय रस्त्यावर वेगाची स्पर्धा घेता येत नाही. वेळ मोजून बक्षीस देण्याचा प्रकारही टाळावा. वरच्या मार्गावर पुणे शहर पोलीस आयुक्तालय, पुणे ग्रामीण पोलीस आणि सातारा पोलीस अशा तीन हद्दी लागतात; तिघांनाही गाड्यांची संख्या, वेळापत्रक, थांबे आणि दोन जबाबदार व्यक्तींचे क्रमांक असलेले पत्र किमान तीन आठवडे आधी द्यावे आणि पोच घ्यावी. थांब्याच्या जागेसाठी ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेला वेगळे पत्र लागते. आम्हाला पोलिसांकडून नेहमी एकच गोष्ट विचारली गेली आहे: गाड्या एकावेळी किती आणि त्या उभ्या कुठे राहणार. त्याचे उत्तर नकाशासह तयार असेल तर काम लवकर होते.

गाडीच्या कागदांबाबत दोन गट पडतात. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये स्वतंत्र विंटेज नोंदणी सुरू केली. तिच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क ₹२०,००० आहे आणि ती दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी काढता येत नाही, पण प्रदर्शन, विंटेज मोटारींची फेरी, इंधन आणि दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. अशा मालकाला क्लबाने फेरीचे पत्र सोबत द्यावे. दुसऱ्या गटात १९८० आणि ९० च्या दशकांतल्या पद्मिनी आणि अॅम्बॅसिडर येतात. त्या प्रेमाने जपलेल्या असल्या तरी कायद्याच्या दृष्टीने साध्या जुन्या गाड्या आहेत, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी त्यांची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. नोंदणी, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती महिनाभर आधी मागवाव्यात. ज्याची कागदपत्रे आली नाहीत त्याची गाडी ताफ्यात घेऊ नये, मग तो क्लबाचा अध्यक्ष का असेना.

गाडीची तयारी

तयारीची पाहणी फेरीच्या तीन आठवडे आधी, एखाद्या रविवारी, सर्व गाड्या एका मैदानात आणून करावी. पाहणी करणारा मिस्त्री जुन्या गाड्यांवर हात बसलेला असावा, आणि त्याने नाकारलेली गाडी दुरुस्त होऊन पुन्हा त्याच्याच समोर यावी.

सुरुवात टायरपासून करावी, कारण जुन्या गाड्या थोड्या चालतात आणि त्यांच्या टायरची नक्षी शाबूत असताना रबर म्हातारे झालेले असते. २००० सालानंतरच्या टायरच्या अंगावर चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३२१६’ म्हणजे २०१६ सालचा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षे उलटली असतील किंवा बाजूला बारीक भेगा दिसत असतील तर टायर बदलावा. स्टेपनीलाही हाच नियम लावावा. डिकीत वर्षानुवर्षे पडून राहिलेली स्टेपनी नेमकी रस्त्यात दगा देते.

ब्रेकचे ड्रम उघडून लायनर आणि व्हील सिलिंडर पाहावेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि ओलावा शिरलेले ऑइल गरम होताच उकळून पेडल मऊ पडते, म्हणून दोन वर्षांहून जुने ऑइल संपूर्ण काढून नवे भरावे. रेडिएटर तुंबलेला असेल तर रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून सफाई, करून घ्यावे, होज पाइप दाबून पाहावेत, फॅनबेल्टचा ताण तपासावा आणि एक बेल्ट गाडीत ठेवावा. डेल्कोतील (प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागातील) पॉइंट आणि कंडेन्सर यांचा एकेक संच, दोन प्लग, फ्यूज, विजेची तार, पक्कड, पाच लिटर पाणी, हातदिवा आणि अग्निशामक ही सामग्री प्रत्येक गाडीत असावी. अग्निशामकाबाबत सवलत नाही: पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या वायरिंगला कार्ब्युरेटरमधून गळणाऱ्या पेट्रोलची साथ मिळाली की आग लागायला क्षण पुरतो.

पेट्रोलचा प्रश्न अलीकडे नवा उभा राहिला आहे. आता देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरमधील सील त्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ होतात, काही महिन्यांत त्यांचा भुगा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, जाऊन बसतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते आणि उभ्या गाडीच्या टाकीला गंज धरतो. इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे पाइप आणि डायफ्राम बसवून घेणे हा याचा नीट उपाय आहे. फेरीत प्रत्येक गाडीला इंधनाची जाळी नवी घालावी, एक जादा ठेवावी आणि टाकी आदल्या दिवशीच भरून घ्यावी, म्हणजे वाटेतल्या एका पंपावर अठरा गाड्यांची रांग लागत नाही.

बॅटरीचे ऋण टोक न जोडता धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते अशा काही इंग्रजी गाड्यांबद्दल एक सूचना. अशा गाडीची बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीची केबल नेहमीच्या सवयीने जोडू नये. बॅटरीवरील खुणा पाहूनच जोडावी. हे चालकाला ठाऊक असते, मदतीला धावून आलेल्याला नसते, म्हणून बॉनेटखाली ठळक अक्षरांची चिठ्ठी चिकटवावी.

घाट चढताना आणि उतरताना

दिवे घाटाच्या पायथ्याशी, वडकीच्या मस्तानी तलावाच्या अलीकडे, सर्व गाड्यांनी पाच मिनिटे थांबून इंजिनाचे तापमान आणि पाणी पाहावे. चढताना समोरच्या ट्रकच्या मागे चिकटून पहिल्या गिअरमध्ये रखडण्यापेक्षा थोडे मागे राहून दुसऱ्या गिअरमध्ये सलग चाल ठेवावी; पंखा इंजिनावर फिरतो, त्यामुळे इंजिनाच्या फेऱ्या फार पडल्या की वाराही पडतो. हीटर असलेल्या गाडीत तो चालू केला तर इंजिनातली थोडी उष्णता आतल्या माणसांकडे येते, ती सोसावी.

तरीही गाडी उकळली तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी घ्यावी, बॉनेट उघडावे आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. अर्धा तास थांबावे. दाबाखालचे पाणी झाकण उघडताच तोंडावर येते, आणि अशा भाजण्याच्या घटना घाईनेच घडतात.

पेट्रोल असूनही गाडी अडखळून बंद पडते तेव्हा बहुधा व्हेपर लॉक झालेला असतो: इंजिनाच्या उष्णतेने पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ओढायला द्रव उरत नाही. माझी पद्मिनी १९७८ सालची. एका परतीच्या प्रवासात सासवड सोडल्यावर, उन्हाच्या वेळी, ती अशीच थांबली. सोबतच्या मिस्त्रींनी काही उघडले नाही, काही ठोकले नाही. खांद्यावरचे सुती फडके बाटलीतल्या पाण्यात बुडवले, पिळून इंजिनाच्या अंगाला बसवलेल्या पेट्रोल पंपावर गुंडाळले आणि वर चिमूट-चिमूट पाणी सोडत राहिले. फडक्यातून वाफ निघायची थांबली तेव्हा त्यांनी पंपाचा हातखटका पाच-सहा वेळा दाबला आणि मला सेल्फ मारायला सांगितले. गाडी चालू झाली. तेव्हापासून प्रत्येक गाडीच्या सामानात मी एक सुती फडके लिहितो.

उतरण ही चढणीपेक्षा गंभीर बाब आहे. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढेल त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, हा नियम मार्गपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापावा. ड्रम ब्रेक सतत दाबून धरले की तापतात, लायनरची पकड सुटते आणि पेडल पायाखाली असूनही गाडी थांबत नाही. ब्रेक थोडा वेळ जोराने लावून सोडावा, त्याला निवायला अवसर द्यावा, बाकीचे काम इंजिनाने करावे. गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची सवय असलेल्या चालकाला घाटात स्टिअरिंग देऊ नये.

ताफ्याची शिस्त

अठरा गाड्या एका रांगेत नेणे धोक्याचे आहे, कारण मागच्या एसटीला त्या ओलांडता येत नाहीत. सहा-सहाचे तीन गट करावेत, त्यांच्यात दहा मिनिटांचे अंतर ठेवावे आणि सर्वांत मंद गाड्यांना पहिल्या गटात घालावे, म्हणजे त्या थांब्यावर शेवटी पोहोचून विश्रांतीशिवाय पुढे निघत नाहीत. गटातला नियम साधा असावा: प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यायची आणि वळणावर तिला आपण दिसेपर्यंत पुढे जायचे नाही. एवढे पाळले तर मोबाइलला रेंज नसली तरी कोणी वाट चुकत नाही. सर्वांच्या मागे मिस्त्री, सुटे भाग आणि टो गाडी असावी, आणि तिच्या मागे एकही गाडी राहू नये.

जुन्या गाड्यांचे मागचे दिवे लहान असतात, काहींना दिशादर्शक म्हणून दाराच्या खांबातून बाहेर येणारा हातच असतो, आणि आजच्या चालकांना हाताच्या खुणा कळत नाहीत. मागच्या बंपरला परावर्तक पट्टी आणि ‘हळू चालणारे वाहन’ अशी मराठी पाटी लावावी. ज्या गाडीला सीटबेल्ट नाहीत तिच्यात मुलांना बसवू नये. त्यांच्यासाठी एक नवी गाडी सोबत ठेवावी. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हे क्रमांक प्रत्येक डॅशबोर्डवर चिकटवावेत.

गावात आणि संस्थेत

गावातून जाताना हॉर्नचा सोहळा करू नये. शाळा, दवाखाना, देऊळ आणि दशक्रियेचा घाट यांच्याजवळ गाड्या मुकाट्याने जाव्यात. गाडीतून पेन्सिली किंवा चॉकलेटे फेकू नयेत. मुले रस्त्यावर धावतात, आणि देण्याची ती रीतही नव्हे. न्याहारी आणि जेवण बाहेरून मागवण्याऐवजी सासवड किंवा लोणंद येथील खानावळीला किंवा बचत गटाला आगाऊ सांगावे. ताफ्याचा त्या भागाला तेवढा तरी उपयोग व्हावा.

संस्थेच्या आवारात गाड्या उभ्या केल्यावर चावी काढावी, चाकाला दगड लावावा आणि प्रत्येक गाडीपाशी एक सभासद थांबावा, कारण मुलांचा हात पहिल्यांदा तापलेल्या बॉनेटकडे जातो. भाषणे दहा मिनिटांत संपवावीत. धनादेशाची मोठी प्रतिकृती, हारतुरे आणि लाभार्थी मुलांना रांगेत उभे करून घेतलेली छायाचित्रे हे सारे टाळता येते. मुलांची छायाचित्रे घ्यायचीच असतील तर संस्थेची आणि पालकांची परवानगी घ्यावी.

कर्णबधिर मुलांच्या त्या शाळेत आम्हाला हॉर्न वाजवून दाखवायचा नव्हता, आणि दाखवण्यासारखे दुसरे काय आहे ते आम्हाला सुचत नव्हते. तेव्हा चौथीतल्या एका मुलीने चालू असलेल्या अॅम्बॅसिडरच्या पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळवे टेकवले, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग हाताने बाकीच्यांना बोलावले. पाच मिनिटांत त्या गाडीभोवती मुलांचे हातच हात होते. मालकाने अॅक्सिलरेटर हळूच दाबला की सगळे एकमेकांकडे पाहून हसत, सोडला की वाट पाहत. त्यानंतर आम्ही कार्यक्रमाच्या वेळापत्रकात गाडीला हात लावण्यासाठी पुरा एक तास राखून ठेवतो, आणि मुले येण्याआधी प्रत्येक गाडीचा पत्रा कुठे तापतो ते पाहून तिथे गोणपाट टाकतो.

परतल्यावर

घरी पोहोचताच प्रत्येक चाकाच्या ब्रेकच्या ड्रमजवळ, त्याला न लावता, हात धरून पाहावा. एखादे चाक इतरांपेक्षा बरेच गरम असेल तर तिथला ब्रेक चिकटतो आहे. गाडी पुन्हा महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर उरलेले इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत ठेवू नये, आणि वाटेत जे बिघडले ते प्रत्येकाने दोन ओळींत लिहून क्लबाकडे द्यावे, कारण पुढच्या पाहणीची यादी त्यातूनच तयार होते.

हिशेब पंधरा दिवसांच्या आत सर्व देणगीदारांना जावा: किती जमले, कोणत्या तारखेला संस्थेच्या खात्यात गेले, फेरीचा खर्च किती आणि तो कशातून भागवला. पाटी विकत घेतलेल्यालाही तो मिळावा. त्याच पत्रात संस्थेने खरेदीचे काय ठरवले तेही लिहावे. आमच्या पत्रात त्या वर्षी शेवटी एवढेच होते, की कानांची मापे घेण्यासाठी तंत्रज्ञ पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी शाळेत येणार आहेत, आणि त्या दिवशी मुलांना रांगेत बसवायला दोन सभासद हवे आहेत.